मुक्काम गडाखाली

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी राजस्थानचे बेत सुरू होतात. आठ दिवस, सात शहरं, रोज एक किल्ला. माझं सांगणं एवढंच, की थरच्या वाळवंटात जाताय तर बेत पाण्याच्या हिशोबानं आखा. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर ही तीनच शहरं पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि गरम कपडे न्या. दिवसा तापलेली वाळू रात्री लगेच गार पडते.

जोधपूरचा मेहरानगड सगळेच पाहतात. तो उतरल्यावर जुन्या शहरातल्या तूरजी का झालरा या पायविहिरीवर तासभर बसा. अठराव्या शतकातली ही विहीर कित्येक वर्षं गाळाकचऱ्यानं बुजलेली होती. अलीकडे ती उपसली, तेव्हा लाल दगडाच्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या.

पण वाळवंटातली सगळ्यात थोर कारागिरी मला विचाराल, तर ती कुंई. काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर असतो. मुरलेला पाऊस त्यावर ओल होऊन अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ही ओल ठिबकून साचावी म्हणून जेमतेम एक माणूस मावेल अशी अरुंद कुंई खणतात. आत एकटा माणूस बसून खोदतो, डोक्यावर धातूचं भांडं. उकाडा असह्य झाला की वरची माणसं मुठीमुठीनं वाळू जोरात आत फेकतात. तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते, कोंडलेली वाफ वर येते. एवढं करून दिवसाकाठी मिळतात दोन-तीन घागरी गोड पाणी! अनुपम मिश्र यांचं ‘राजस्थान की रजत बूंदें’ हे पुस्तक निघण्याआधी वाचाच.

जोधपूरहून बिकानेरला जाताना नागौर लागतं. मराठी माणसानं तिथं थांबावं. १७५५ साली या गावाला वेढा घालून बसलेले मराठा सरदार जयाप्पा शिंदे इथंच दग्यानं मारले गेले.

जैसलमेर शेवटी ठेवा. ११५६ साली वसवलेल्या तिथल्या गडावर आजही लोक राहतात. गडीसर तलावाचं पाणी डोक्यावरून वाहून आणायचं आणि थेंबाथेंबानं वापरायचं, या बेतानं हे गाव चालत होतं. मग नळ आले, गडावर हॉटेलं झाली, खोलीगणिक न्हाणीघर आलं. सांडपाणी पायाखालच्या ठिसूळ खडकात मुरत गेलं आणि बुरूज ढासळू लागले. २०१३ साली गड जागतिक वारसा यादीत गेला, तरी पाणी मुरायचं थांबलेलं नाही. गडावरची खोली सुरेख असते, खिडकीतून सोनेरी शहर दिसतं, हे मला ठाऊक आहे. तरीही विनंती करतो: गड दिवसभर पाहा, तिथल्या माणसांशी बोला, आणि रात्रीचा मुक्काम मात्र गडाखाली करा.