खटल्याच्या गावी, खटल्यासह

आपल्या भाषेत ‘खटला’ हा शब्द मोठा मिस्कील आहे. न्यायालयात चालतो तो एक खटला. आणि जुन्या पिढीतले गृहस्थ ‘यंदा खटले घेऊन गावी जातो’ असे म्हणत, तेव्हा त्यांना अभिप्रेत असत ती बायकामुले. या दोन्ही खटल्यांची गाठ पडावी असे एक शहर म्हणजे जबलपूर. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय तेथे १९५६ पासून आहे आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून. त्यामुळे फायली घेऊन तेथे उतरणाऱ्या माणसांची वाण नाही. त्यातून शहरापासून २०-२५ किलोमीटरवर नर्मदेने संगमरवर चिरून भेडाघाट घडवलेला! दौऱ्याला जोडून पत्नीसह दोन दिवस काढावेत, असा विचार कोणाच्या मनात येणार नाही?

सरकारी नियमही वाटतो तितका अरसिक नाही. केंद्र सरकारच्या नोकराला दौऱ्यावर असताना नैमित्तिक रजा घेता येते. त्या दिवसांचा दैनिक भत्ता मात्र मिळत नाही, आणि पत्नीचे तिकीट आपल्याच खिशातून काढावे लागते. हे न्याय्यच आहे. कचेरीची मोटार जरा भेडाघाटाकडे वळवण्याचा मोह होतो खरा. पण ती चालवणारा माणूस सारे पाहत असतो. भाड्याच्या रिक्षाने गेल्यामुळे संगमरवराचा शुभ्रपणा काही उणावत नाही.

पैशाचा हिशेब असा सोपा आहे. अवघड आहे तो वेळेचा. माझी पत्नी शिक्षिका आहे. तिच्या रजाही मोजक्याच. ‘येतेस का?’ असे मी विचारले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “तुम्ही कामावर गेल्यावर मी दिवसभर काय करायचे?” या बेतातली खरी मेख या प्रश्नात आहे. पती परत येईपर्यंत खोलीत वाट पाहत बसणे, याला प्रवास म्हणत नाहीत.

जबलपुरात या प्रश्नाचे उत्तर बडा फुहारा देतो. फुहारा म्हणजे कारंजे. त्याच्याभोवती जुन्या शहराची गजबजलेली बाजारपेठ पसरली आहे. कापड पाहावे, खव्याची काळसर जिलबी चाखावी, जवळच्या कमानिया गेटापाशी थांबून १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण करावी. आपला दिवस आपल्या मर्जीने घालवलेली व्यक्ती संध्याकाळी भेटते, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. आणि दिवसभर कागदांत बुडालेल्या माणसाला ऐकण्यासारखे काही मिळते.

दुसरे पथ्य असे, की रजा कामाच्या आधी न घेता नंतर घ्यावी. सुनावणी डोक्यावर असताना धुवांधार प्रपातही कानांत शिरत नाही. शिवाय सुनावणीची तारीख न्यायालय ठरवते आणि पौर्णिमेची पंचांग; दोन्ही जुळल्या तर चांदण्यातला भेडाघाट पाहावा, न जुळल्या तर सकाळचे ऊनही तेथे सुंदर पडते. पावसाळ्यात मात्र नावा बंद असतात, हे तिकिटे काढण्यापूर्वीच पाहावे. आणि तारीख पुढे गेली, तर काय करायचे तेही दोघांनी आधी बोलून ठेवावे. कारण आपल्या साहेबांनी मोडलेल्या बेताची किंमत तिच्या रजेतून जाते.

भेडाघाटाच्या वाटेवर तेवर गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. पुढे टेकडीवर शंभरावर पायऱ्या चढून गेले, की चौसष्ट योगिनींचे वर्तुळ दिसते आणि मधल्या देवळात एकाच नंदीवर बसलेले शिवपार्वती. वाहन एक, आसन एक. तेथे कोणी कोणाला सोबत ‘नेत’ नाही, दोघेही निघालेली आहेत. जोडीने प्रवास करणाऱ्यांनी ही मूर्ती जरा वेळ उभे राहून पाहावी. मग ‘खटले घेऊन जातो’ हे शब्द तोंडी येणार नाहीत; ‘आम्ही जातो’ असेच म्हणावेसे वाटेल.