जगाचे प्रश्न आणि गावची चर्चामंडळे



परराष्ट्रधोरण हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय, सामान्य माणसाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा समज आपल्याकडे दृढ आहे. तो किती फोल आहे हे २०२२ साली घरोघरी कळून आले. रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि इथे सूर्यफुलाच्या तेलाचे भाव चढले, कारण हे तेल भारतात मुख्यतः त्याच दोन देशांतून येत होते. पालाशयुक्त खतांसाठीही भारत आयातीवरच अवलंबून आहे. दूरच्या युद्धाची झळ अशी चुलीला आणि शेताला लागते. मग त्या युद्धाची कारणे गावाने का जाणून घेऊ नयेत?

व्याख्यानांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ सालचा. परंतु व्याख्यानात एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. ऐकणाऱ्याला स्वतःचे मत बनवावे लागतेच असे नाही. अमेरिकेतील फॉरेन पॉलिसी असोसिएशन या संस्थेने १९५४ साली निराळा मार्ग धरला. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी तिने ‘ग्रेट डिसिजन्स’, म्हणजे ‘मोठे निर्णय’, हा उपक्रम सुरू केला. वर्षासाठी आठ विषय निवडावयाचे, त्यांची माहिती देणारे पुस्तक सर्वांनी आधी वाचावयाचे, मग कोणाच्या घरी वा ग्रंथालयात जमून चर्चा करावयाची आणि शेवटी मतपत्रिकेवर आपले मत नोंदवावयाचे, अशी त्याची पद्धत. तिथे वक्ता नसतो. असतात ते शेजारीपाजारी.

ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्याची प्रेरणा कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद. पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील दीडशे गावांत सुमारे वीस-वीस सभासदांची मंडळे रेडिओभोवती बसत. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपल्यावर खरे काम सुरू होई. सभासद आपसांत चर्चा करीत, शंका पुणे केंद्राला कळवीत आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, त्यांच्यापेक्षा मंडळे असलेल्या गावांची ज्ञानवृद्धी पुष्कळच अधिक आढळली. फरक पडला तो चर्चेने.

ते विषय शेतीचे व आरोग्याचे होते. जागतिक प्रश्नांनाही हीच पद्धत लागू पडेल, आणि आज तिची निकड अधिक आहे. भ्रमणध्वनीवर जगाच्या वार्ता क्षणात येतात. खऱ्याखोट्याची शहानिशा करणारा मात्र शेजारी नसतो.

साधने फारशी लागत नाहीत. सार्वजनिक वाचनालयाची खोली, भिंतीवर जगाचा नकाशा, आधी सर्वांनी वाचलेला एखादा लेख आणि मोठ्या आवाजाच्या सभासदाला वेळीच थांबवू शकेल असा निमंत्रक (हा मिळणे सर्वांत अवघड!) एवढे पुरे. विषय गावाने निवडावा. मुलगा आखातात नोकरीला असलेल्या कोकणातील घराला पश्चिम आशिया दूर नाही. नाशिककडील कांदा उत्पादकाला निर्यातीचे नियम नवे नाहीत. मतैक्य झालेच पाहिजे असे नाही. बैठक संपताना निमंत्रकाने दोन्ही बाजूंची मते वहीत लिहून ठेवावीत आणि पुढील विषयाचा लेख त्याच वेळी सर्वांच्या हाती द्यावा.