तुमची ओळख कोण देणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुण सभासदांसमोर केलेले भाषण)

विषय लिनक्सचा असला तरी पुढच्या खुर्च्यांवरच्या काका-काकूंनी उठू नये. गोष्ट ओळखीची आहे.

आयआरसी ही गप्पांची सोय १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी केली. लिनक्समध्ये अडलेल्याला आजही तिथे जाणकार भेटतात. त्या काळी एकाच मोठ्या संगणकावर अनेक विद्यार्थी लॉगिन करत आणि बाहेर दिसे फक्त त्या संगणकाचा पत्ता. एकाने शिवीगाळ केली, की बंदी पत्त्यावर, म्हणजे सगळ्यांवर. वाड्यातल्या एका कार्ट्यापायी अख्ख्या वाड्याचं पाणी तोडावं, तसं!

त्यावर उपाय आयडेंट. त्याचे आजचे नियम १९९३ सालचे. तुम्ही जोडलात, की आयआरसी सर्व्हर उलट तुमच्या संगणकाच्या ११३ नंबरच्या पोर्टवर विचारतो, ‘हे कनेक्शन तुमच्याकडच्या कोणाचं?’ उत्तरात लॉगिनचं नाव जातं. उत्तर आलं नाही तर बहुतेक सर्व्हर तुमच्या युजरनेमआधी टिल्डचं नागमोडी चिन्ह लावतात. काही चॅनेलवर अशांना बोलूच देत नाहीत.

कॉलेजच्या सामायिक सर्व्हरवर हे आजही कामाचं. ओआयडेंटडी हे पॅकेज टाका, सेवा सुरू करा आणि संगणक चालू होताच ती आपोआप सुरू होईल असं बघा. ईटीसी फोल्डरमधल्या तिच्या फाइलीत ‘स्पूफ’ला मनाई ठेवा. नाहीतर एकाने खोडी काढायची आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं! फायरवॉलमध्ये ११३ उघडा. उघडायचा नसेल तर ‘ड्रॉप’ नको, ‘रिजेक्ट’ लावा. ड्रॉपमध्ये सर्व्हर उत्तराची वाट बघत बसतो आणि आपल्याला वाटतं, नेट गेलं. आमच्या सरकारी भाषेत सांगायचं, तर अर्ज लगेच नामंजूर झालेला परवडतो, टेबलावर पडून राहिलेला नाही.

घरी मात्र गणित बदलतं. तिथे संगणकही तुमचा आणि साक्षही तुमचीच, वाटेल ते नाव सांगता येतं. स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही केल्यासारखं. शिवाय राउटरवरून ११३ पोर्ट आत वळवावा लागतो, आणि कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला असेल तर तेही जमत नाही. अशा वेळी आयडेंटच्या मागे लागू नका. आपलं टोपणनाव नोंदवा आणि चॅट क्लायंटमध्ये एसएएसएल चालू करून पासवर्ड भरा. तो तपासतो सर्व्हर, तुमचा संगणक नव्हे.