दुभाष्यावाचून अडलेली यंत्रे



चैत्र-वैशाखातल्या व्याख्यानात एखादे संतचरित्र ऐकायला मिळावे, निदान शेतीच्या चार गोष्टी कळाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज जुन्या संगणकाविषयी बोलणार आहोत. विषय रुक्ष खरा, पण पोहरादेवीच्या भोवतालच्या तांड्यांतून ज्यांनी दाखल्यासाठी मानोरा-वाशीमचे हेलपाटे घातले आहेत, त्यांना तो परका वाटणार नाही.

विमुक्त जातीच्या पडताळणीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या पुराव्याला मोल असते. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला. घरात तो एकच असतो, तोही घडीवर फाटलेला. अर्ज आता संगणकावरून भरायचा, तेव्हा त्या कागदाची प्रतिमा जोडावी लागते. मोबाइलने फोटो काढता येतो हे आम्हांलाही ठाऊक आहे, पण फिकट शाईची ओळ आणि घडीची सावली यांत फोटो फसतो. म्हणून आम्ही काही मंडळींनी गावातल्याच एका जुन्या संगणकाला स्कॅनर जोडायचे ठरवले. संगणक देणगीतला, ३२ बिटांचा, विंडोज एक्सपीवर चालणारा. स्कॅनर पुष्कळ नंतरचा. त्याच्या खोक्यावर छापलेच होते की विंडोज ७ च्या मागे चालणार नाही. दुकानदार म्हणाले, "नवा संगणक घ्या." सल्ला प्रामाणिक होता, पैसे मात्र आमचे जायचे होते.

आता येथे मोडलेले काय होते? संगणक धडधाकट, स्कॅनर धडधाकट. अडले होते ते ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा सारथी नव्हे, तर दुभाषी. तांड्यातली म्हातारी गोरबोलीत बोलते, कचेरीतला कारकून मराठीत विचारतो आणि मधे शाळकरी नातू उभा राहून दोघांचे एकमेकांना सांगतो. ड्रायव्हरचे काम त्या नातवाचे. स्कॅनरची भाषा तोच संगणकाला सांगतो. उत्पादक हा दुभाषी ठरावीक प्रणालींपुरताच लिहून देतो, कारण जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याला पुन्हा पैसा मिळत नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी एकही यंत्र बिघडले नाही, तरी किती यंत्रे अडगळीत गेली असतील!

यंत्राला न येणारी भाषा बाहेरून शिकवण्याचे मोठे काम मराठी माणसांच्या ओळखीचे आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र उभे केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तेथे वाढले. त्या काळच्या डॉसच्या संगणकाला देवनागरी कशी ती ठाऊक नव्हती. जिस्टचे कार्ड त्याच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतूनही पडद्यावर देवनागरी उमटे. संगणक फेकला नाही, त्यात एक दुभाषी बसवला. पुढे मात्र नव्या संगणकांतून ती खाचच नाहीशी झाली.

आमच्याकडे कार्ड नव्हते, पण लिनक्स होते. डेबियनची बारावी आवृत्ती आम्ही मुद्दाम निवडली, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीने ३२ बिटांच्या संगणकावर ती बसवण्याची सोयच काढून टाकली. फुकट वाटणाऱ्यांचाही धीर कधी तरी सुटतोच.

मग एलएसयूएसबी हा हुकूम दिला. त्याने जोडलेल्या प्रत्येक वस्तूसमोर दोन क्रमांक दाखवले, पहिला उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. खोक्यावरच्या नावापेक्षा हे क्रमांक महत्त्वाचे, कारण वेगवेगळ्या नावांच्या पेट्यांत पुष्कळदा एकच चिप असते. सेन नावाच्या प्रकल्पात अनेकांनी स्वयंसेवेने स्कॅनरांचे दुभाषी लिहून ठेवले आहेत. त्यांच्या यादीत आमचा क्रमांक सापडला. काही स्कॅनरांना याशिवाय फर्मवेअरची फाइल द्यावी लागते आणि ती त्यांच्याच विंडोजच्या तबकडीतून काढावी लागते. तेव्हा तबकडी फेकू नका. आमच्या स्कॅनरला ती लागली नाही.

तरीही तो नीट चालेना. रूट, म्हणजे यंत्राचा कारभारी, याला स्कॅनर दिसे, साध्या खात्याला दिसत नसे. ते खाते स्कॅनर वापरणाऱ्यांच्या गटात घातले, तेव्हा हा मानापमान मिटला. पुढे दिवा अर्ध्या वाटेवर जाऊन थांबू लागला. हा स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतो. जुन्या पद्धतीच्या खोबणीची हमी अर्ध्या अँपिअरची, त्यात पुढच्या बाजूची खोबणी आणि लांब, बारीक वायर. आखूड वायर घेऊन मागच्या खोबणीत जोडली आणि दिवा शेवटपर्यंत गेला. वाशीमला न जाता ५० च्या दशकातला एक दाखला पडद्यावर आला. गुरुजींच्या सहीचे वळणही त्यात स्पष्ट होते.

सगळेच साधते असे नाही. ज्याचा क्रमांक कोणत्याच यादीत नाही, त्याच्यापायी महिने घालवू नयेत. शिवाय देखभाल संपलेली विंडोज इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचा व्यवहार कोणीही करू नये.

ज्यांच्या घरी असा स्कॅनर वा प्रिंटर पडून असेल, त्यांनी तो उचलून आणण्याची तसदी घेऊ नये. त्याचे दोन क्रमांक कागदावर लिहून आणावेत. व्याख्यानानंतर आम्ही येथेच बसणार आहोत.