पडद्याआडचा गणपती



फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि साकुरा यांची वर्णनं तुम्ही इतकी ऐकली आहेत की मी त्यांना हात लावत नाही. मी तुम्हाला टोकियोच्या आसाकुसा भागात नेतो. सेन्सोजी मंदिराची गर्दी मागे टाकून सुमिदा नदीच्या अंगानं थोडं चाललं, की टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागतं. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो तिकडे पोचला. त्याला दुर्वा नाहीत, जास्वंद नाही. वाहतात तो पांढराशुभ्र मुळा! ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सवच असतो, आणि उकडलेला मुळा प्रसाद म्हणून मिळतो.

दर्शन मात्र मिळत नाही. कांगितेनाची मूर्ती बहुधा आलिंगन दिलेल्या दोन गजमुखांची असते आणि ती बंद देव्हाऱ्यात ठेवतात. आपल्याकडे रोषणाईत दहा दिवस मिरवणारा बाप्पा इथे पुजाऱ्यांशिवाय कुणाच्या नजरेला पडत नाही. तुम्ही बंद दारापुढे मुळा ठेवायचा आणि निघायचं. मला विचाराल तर जपान इथे भेटतो. आलेली वस्तू तो आपल्या पद्धतीनं बदलतो, मग झाकून जपतो.

मोदकाचंही तेच झालं. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा हे १६१७ सालचं मिठाईचं दुकान आहे. तिथे ‘सेइजो कांकिदान’ मिळतं. चुण्या घालून बांधलेली पुरचुंडी, तिळाच्या तेलात तळलेली. आत खोबरं-गूळ शोधू नका. लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण असतं, त्यात दालचिनी, लवंग आणि चक्क चंदन. पहिल्या घासाला देवघरात बसून खाल्ल्यासारखं वाटतं. सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. साध्या दिसणाऱ्या मिसो सूपचं पाणीही बहुधा सुकवलेल्या मासळीचं असतं. त्यांनी कोया पर्वतावरच्या एखाद्या मठात मुक्काम करावा. तिथलं कांदा-लसूणही वर्ज्य असलेलं जेवण चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालेल. तिळाचं टोफू तर तिनं पाककृती विचारून घ्यावी असं.

कधी जावं? लोक साकुरासाठी वसंतात धावतात. मी म्हणेन, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर नाराला जा. ७५२ मध्ये तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे रेखले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूनं. त्याच्या कुंचल्याला बांधलेली निळी रेशमी दोरी जमलेल्या लोकांनी हाती धरली होती. तो कुंचला आणि ती दोरी शोसोइन भांडारात आजही आहेत. भांडारात सुमारे ९००० वस्तू आहेत. शरद ऋतूत त्यांतल्या मोजक्याच नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात, आणि दरवर्षी निवड वेगळी. कुंचला दिसेलच असं नाही. पूर्वी रांगही लांब असायची; २०२० पासून ठरावीक वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं.