साहेबांचा मेसेज, बाईचा फोन

(आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या तालुका शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'कामाच्या ठिकाणी मोबाइलवरचे मेसेज'. यात पहिली अडचण अशी, की आपल्यापैकी बहुतेकींना धड कामाचं ठिकाणच नाही. अंगणवाडीची एक खोली असते, ती दुपारी बंद होते. आशाचं ठिकाण म्हणजे अख्खं गाव. पण व्हॉट्सॲपचे ग्रुप मात्र सगळ्यांना आहेत. केंद्राचा वेगळा, तालुक्याचा वेगळा, लसीकरणाचा वेगळा, शिवाय गावातल्या गरोदर बायांचा आपणच काढलेला. म्हणजे ऑफिस आता फोनमध्ये शिरलंय आणि फोनबरोबर चुलीपाशी, उशापाशी आलंय.

पूर्वी महिन्याच्या बैठकीत सूचना मिळायच्या, आपण त्या वहीत उतरवून घ्यायचो. एखादीचं काम राहिलं तर पर्यवेक्षिका तिला बाजूला घेऊन बोलायच्या. सगळ्याच तशा नव्हत्या, पण समजूतदार बाई असल्या तर तेवढं राखायच्या. आता रात्री साडेनऊला यादी येते. माहिती न भरलेल्यांची नावं लाल रंगात. खाली साहेबांचं एकच वाक्य : 'खुलासा द्या.' त्याच्या खाली बाकीच्यांचे अंगठे. हे अंगठे बघून मला फार वाईट वाटतं. जिचं नाव लाल झालंय ती आपली बहीण असते, आणि आपण साहेबांना अंगठा दाखवतो. का, तर आपला अंगठा दिसला नाही तर उद्या आपलं नाव यायचं.

आणि ती लाल नावाची बाई त्या वेळी काय करत असते? भाकऱ्या थापत असते. फोन मुलाकडे असतो, नाहीतर नवऱ्याकडे. अनेक घरांत 'तिचा' फोन हा घराचाच फोन असतो. तिच्या नावाला लागलेला बट्टा तिच्याआधी घर वाचतं. रिचार्जही तिच्याच मानधनातून, तेही मानधन वेळेवर आलं तर.

सरकारनं फोन दिले नाहीत असं नाही. महाराष्ट्रात अंगणवाडीताईंना २०१९ साली दिले. ते तापायचे, अडकायचे, त्यांची मेमरी अपुरी पडायची. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं, त्यातली भाषा तेव्हा इंग्रजी होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून जिल्ह्याजिल्ह्यांत ताईंनी मोर्चे काढून हे फोन परत केले. आशांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केला, त्याच्या मागण्यांतही ऑनलाइन कामाची सक्ती नको ही मागणी होती. त्यामुळे 'बायांना तंत्रज्ञान जमत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. बाळंतपणाच्या रात्री गाडी बोलावायला हाच फोन आपण वापरतो. तक्रार फोनबद्दल नाही. त्या फोनवरून कोण, कधी, कोणत्या हक्कानं हुकूम सोडतं, याबद्दल आहे.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. सरकारी कागदावर आपण कोण? 'स्वयंसेविका', 'मानसेवी'. आशांना कामाचे ठरावीक तास कागदावर नाहीत, त्यामुळे जादा तास असा प्रकारच नाही. २०१८ च्या डिसेंबरात खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, की कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्यानं फोन उचलला नाही, मेसेजला उत्तर दिलं नाही तर त्याच्यावर कारवाई होऊ नये. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी तुमच्या-माझ्यापर्यंत पोचला असता का, ही शंका आहेच, कारण आपल्याला 'कामाची वेळ'च नाही.

पण बायांनो, एक गोष्ट साहेबांच्याही लक्षात आलेली नाही. पूर्वी हुकूम तोंडी असायचा. 'मी असं बोललोच नाही' म्हणायला मोकळे. आता ते स्वतःच्या हातानं लिहून देतात. 'उद्या सकाळी आठला सर्वांनी हजर राहावे, गैरहजर राहिल्यास मानधन कपात.' तारीख आहे, वेळ आहे, नाव आहे. स्वयंसेविकेचं मानधन गैरहजेरीबद्दल कापतात का हो? हजेरी, खुलासा, कपात हे शब्द नोकरीचे आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या अंगणवाडीताईंच्या खटल्यात सांगितलं, की त्यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. तो निकाल मिळवायला बायांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पुढच्या लढ्यांत आपल्या बाजूचा कागद कुठून येणार? या मेसेजमधूनही येईल.

दुसरा प्रकार याहून अवघड. तो ग्रुपवर येत नाही, एकटीला येतो. 'जेवलीस का?' 'झोपली नाहीस अजून?' 'आजच्या साडीत छान दिसत होतीस.' एकेक मेसेज सुटा काढला तर लोक म्हणतात, यात काय एवढं? आणि बाई गप्प बसते, कारण घरी दाखवला तर पहिला प्रश्न तिलाच : तुझा नंबर त्याच्याकडे कशाला? नंबर कामासाठीच दिलेला असतो, पण तो हत्यार होतो. उत्तर दिलं तर 'तिनं दाद दिली', नाही दिलं तर पुढच्या यादीत नाव लाल. माझ्याकडे आलेल्या बायांपैकी बहुतेकींनी असे मेसेज आधी पुसून टाकले होते. घरात कुणी बघू नये म्हणून. त्यांना दोष कसा देणार?

यासाठी २०१३ चा कायदा आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात कर्मचारी कोण याच्या व्याख्येत मोबदला असो वा नसो, स्वयंसेवी तत्त्वावर काम करणारीही येते. इथे 'मानसेवी' शब्दाची पळवाट चालत नाही. आणि चालूही नये. ज्या १९९७ च्या विशाखा निकालातून हा कायदा उभा राहिला, त्याच्या मुळाशी राजस्थानच्या भंवरीदेवी आहेत, गावपातळीवर मानधनावर काम करणारी साथिन. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्याच जातकुळीचं काम आपण करतो.

नको असलेलं लैंगिक स्वरूपाचं कोणतंही वागणं त्या कायद्यात येतं, मग ते शब्दांनी असो वा चित्रांनी. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. प्रकार चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने मुदत मिळू शकते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी. ती नसेल, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

पुराव्याबद्दल नीट ऐका, इथेच प्रकरणं बुडतात. मूळ मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मागचे-पुढचे मेसेजही ठेवा, नुसता एक तुकडा नको. घरी ठेवणं धोक्याचं असेल तर ते लगेच विश्वासाच्या मैत्रिणीकडे, संघटनेकडे पाठवा. मात्र गावच्या ग्रुपवर टाकू नका, चौकशी गोपनीय असते आणि बदनामी शेवटी आपलीच होते. तो फोन बदलायचा असला तरी विकू नका. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतं, पण मूळ उपकरणच त्याच्या मालकानं कोर्टात हजर केलं तर लागत नाही. पुराव्याचा कायदा जुलै २०२४ पासून नवा आहे, त्यातही प्रतीसाठी प्रमाणपत्राची तरतूद आहे. तेव्हा पाचशे रुपयांना मोडीत जाणारा फोन आपल्यासाठी दस्तऐवज आहे.

शेजारच्या तालुक्यातल्या आशांनी एक साधी गोष्ट केली. एका महिन्याचे ग्रुपवरचे सगळे आदेश वहीत उतरवले, तारीख-वेळेसह. संध्याकाळी सहानंतरच्या आणि रविवारच्या मेसेजना लाल खूण केली. (लाल रंग आपल्यालाही वापरता येतो.) ती वही घेऊन सगळ्या मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटल्या. त्यांनी आधी उडवून लावलं, मग पानं चाळली. आता तातडीचा रुग्ण सोडून त्या ग्रुपवर रात्री आठनंतर मेसेज येत नाही, आणि न भरलेल्यांची यादी ग्रुपवर न येता जिची तिला जाते. मानधन वाढलं नाही. पण रात्रीचं जेवण बायांना सुखानं मिळतं.

जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे. चार-चार जणींचे गट करा आणि फोन काढा. गेल्या रविवारपासूनचे आदेश मोजा, वेळ लिहा, कोणी पाठवला ते लिहा. जिच्या फोनमध्ये एकटीला आलेलं काही असेल तिनं ते गटात दाखवू नये. मी दुपारी मागच्या खोलीत बसणार आहे, तिथे या.