अपघाताचा क्लेम: वकील निवडताना पहिल्या भेटीत काय बघायचं?

आज टेक नाही. आज बोलूया रस्त्यावर अपघात झाल्यावर वकील कसा निवडायचा यावर. आधीच सांगतो, मी वकील नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण गेल्या वर्षी माझ्या मावसभावाचा अपघात झाला आणि घरातलं "तू जरा नेटवर बघ ना" हे खातं नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

भाऊ वायरमन आहे, वय २८. टेम्पोने बाईकला उडवलं, उजव्या पायात रॉड बसला. ऑपरेशनला दोन दिवस झाले नसतील, तर वॉर्डात एक माणूस हजर. मावशीच्या हातात कार्ड दिलं आणि म्हणाला, "ताई, आमच्या वकीलसाहेबांना एक रुपया देऊ नका. क्लेम आला की तीस टक्के, बस्स. इथे सही करा." मावशीला तो देवमाणूस वाटला. वाटणारच हो, बिलाचा आकडा समोर असताना कोणीतरी "पैसे नकोत" म्हणतोय!

आता बघा, 'जिंकलो तरच फी' हे आपण अमेरिकन सिरीयलमध्ये पाहिलेलं असतं. तिकडे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. एजंट लावून काम मिळवायलाही बंदी आहे. म्हणजे तो कार्डवाला एका वाक्यात दोन नियम मोडून गेला. तरी हे सर्रास चालतं, हेही खरं.

"मग काय बिघडलं, पैसे तर नंतरच द्यायचेत ना?" असं माझा एक मित्र म्हणाला. बिघडतं ते इथे. टक्केवारीवर काम करणाऱ्याला पाच वर्षं पुरावे देत बसण्यापेक्षा कमी रकमेवर पटकन तडजोड परवडते. त्याला अशा पन्नास केसेस आहेत. तुमचा पाय एकच आहे.

रक्कम ठरते कशी, ते समजलं की वकील ओळखणं सोपं जातं. आपला दावा जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एमएसीटीकडे. तिथे साधारण एक फॉर्म्युला चालतो, सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांमधून आलेला. समजा महिना कमाई २०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे: २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. वय २६ ते ३० असेल तर गुणक १७. झाले ५७,१२,०००. आता कमावण्याची क्षमता ४० टक्के गेली असं धरलं, तर २२,८४,८०० रुपये. उपचारांचा खर्च, वेदनांची भरपाई वगैरे वेगळं.

आता यातलं एकच इनपुट बदला. कमाईचा कागदच नाही, म्हणून कोर्टाने महिना १२,००० धरले. उत्तर येतं १३,७०,८८०. पाय तोच, अपघात तोच, नऊ लाखांचा फरक!

दुसरं इनपुट त्याहून महत्त्वाचं. सर्टिफिकेटवरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या केसमध्ये स्पष्ट केलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जवळपास सगळंच जातं. क्लार्कची नोकरी टिकू शकते. हा फरक कोर्टासमोर मांडायचं काम वकिलाचं.

म्हणून माझी टेस्ट एकच आहे: पहिल्या भेटीत वकील काय विचारतो? आम्ही दोघांना भेटलो. पहिल्याने विचारलं, "टेम्पोचा इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा?" आणि लगेच वकीलपत्र पुढे सरकवलं. शिवाजीनगर कोर्टातल्या दुसऱ्या वकीलबाईंनी भावाला विचारलं, "शिडीवर चढता येतं का? कामाचे पैसे यूपीआयवर घ्यायचात की रोख? मटेरियलची बिलं कोणाच्या नावावर? ऑपरेशन केलेले डॉक्टर साक्षीला येतील का?" त्या डॉक्टरांच्या प्रश्नावर मी मनातल्या मनात हुश्श केलं. कारण नुसतं सर्टिफिकेट फाइलला लावून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते.

त्याआधी फोनवर थोडं काम करून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने सर्च करता येतं. यादीत अपघाताचे दावे किती आहेत बघा. एखादी केस उघडून तारखांचा इतिहास वाचा. पुरावा पुढे सरकतोय की नुसत्या तारखा पडतायत, हे पाच मिनिटांत कळतं. गूगलच्या स्टार रेटिंगपेक्षा हे कितीतरी बरं.

फीचं सरळ विचारा: एकूण किती, कुठल्या टप्प्याला किती, टायपिंग-झेरॉक्स त्यात धरलंय का. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा बँकेच्या विड्रॉल स्लिपवर सही अजिबात नाही. भरपाई तुमच्या नावावर जमा होते, वकिलाच्या नाही.

आणि वेळ घालवू नका. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज करायची अट आली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर तुम्ही थांबू नका. अपघात सोलापूरला झाला आणि तुम्ही राहता पुण्यात, तर पुण्यातही अर्ज करता येतो.

फी परवडतच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं.

वकील आधीच नेमलाय आणि पटत नाहीये? बदलता येतो. आधी एनओसी मागा. फी बाकी आहे म्हणून तो तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. मावशीने त्या कार्डवाल्याच्या कागदावर सही केली नव्हती, त्यामुळे आमच्यावर ही वेळ आली नाही. भावाची केस सध्या पुराव्याला आहे, पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष.

तुमच्या घरात असं काही चालू असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या रविवारी!